हिवरतळच्या चाळीसजणी

हिवरतळच्या चाळीस बायका एका तालात श्वास घेतात, हे शिवांजली गलांडेच्या लक्षात आलं ते दुपारी, डबा उघडता उघडता. भेंडीची भाजी होती. झाकण पुन्हा लागलं.

बायका प्रयोगशाळेत नव्हत्या, हे आधी सांगितलेलं बरं. त्या तिकडे माणदेशात आपापल्या घरी होत्या. कुणी भाकरी थापत असेल, कुणी शेळी सोडत असेल, कुणी सुनेबद्दल बोलत असेल. शिवांजली कामाला होती त्या तालुक्याच्या प्रयोगशाळेत होते ते त्यांचे नखाएवढे तुकडे. काचेच्या ताटात चाळीस खळगे, प्रत्येक खळग्यात एक तुकडा, आणि वर कॅमेरा.

ही सगळी करामत कोरड्या कार्डाची. पूर्वी गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग वेळेत ओळखायचा तर बाईला दवाखान्यात जावं लागे, टेबलावर झोपावं लागे आणि छताच्या पंख्याकडे बघत आपण इथं नाहीच असं समजावं लागे. त्यामुळे बायका जात नसत. मग घरच्या घरी मऊ ब्रशाची काडी फिरवून नमुना घ्यायची सोय झाली. काडी कार्डावर टेकवायची, कार्ड सावलीत वाळवायचं, पाकिटात घालून टपालात टाकायचं. बाटली नको, बर्फ नको. कोरड्या नमुन्यातही एचपीव्ही विषाणूचा माग टिकतो, हे ज्ञान तसं जुनंच. नवं होतं ते कार्डावरच्या साखरेचं. काही झाडं उन्हाळाभर वाळून काडी होतात आणि पाणी मिळालं की दिवसाभरात हिरवी होतात. त्यांच्या पेशींत एक साखर असते. ती सुकताना काचेसारखी घट्ट होते आणि आतलं सगळं जसंच्या तसं धरून ठेवते. तसली साखर कार्डाला लावली. आता कार्डावरच्या पेशी मरत नसत, झोपत. प्रयोगशाळेत कोमट थेंब पडला की जाग्या होत आणि वाढून त्यांचा तुकडा बने.

आणि जाग्या झालेल्यांना नुसतं बसवून कोण ठेवणार? त्यांना 'घाई'त घालत. यंत्राचं सरकारी नाव दीड ओळीचं होतं, पण सगळे त्याला घाई म्हणत, कारण ते तेवढंच करी. हा विषाणू बहुतेकींना केव्हा ना केव्हा गाठतो आणि बहुतेकींचं शरीर त्याला हाकलून देतं. थोड्याजणींत तो मुक्काम ठोकतो, आणि काही वर्षांनी तिथल्या पेशी बिघडतात. कुणाच्यातून जाईल आणि कुणाच्यात राहील, हे आधी कळत नसे. घाईत तुकड्याची वर्षं आठवड्यांत उरकत. बाई जागच्या जागी, आणि तिचा तुकडा तिच्या पुढे धावून काय होणार ते बघून येई. बिघडणार असं दिसलं तर बाईला बोलवायचं आणि तेवढी जागा गरम टोकानं भाजून काढायची. मिनिटाचं काम. पुढचं सगळं टळतं.

हिवरतळ हे शिवांजलीचं गाव. आईचं, म्हणजे सुनंदाचं, कार्ड तिनं स्वतःच गावाहून आणलं होतं, त्यामुळे आईचा खळगा कुठला हे तिला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात त्या खळग्यातल्या तुकड्याची कड पांढुरकी, खरबरीत झाली होती. मग ती मोडून खालच्या थरात उतरायला लागली. तिथवर गेलं की भाजून भागत नाही. घाईचा हिशेब सांगत होता की खऱ्या बाईत हे दिवाळीच्या सुमाराला होईल, आणि गणपती तर आलेच होते. तेव्हापासून शिवांजली त्या एका खळग्याकडे बघत बसे. शेजारचे खळगे तिनं आज पहिल्यांदा बघितले.

ताटात थोड्या थोड्या वेळानं पोषक पाणी सोडलं जाई. ते आलं की तुकडा किंचित फुगे, गेलं की बसे. कुणाचा लगेच फुगे, कुणाचा रेंगाळून. दोन बायकांचा ताल कधी जुळत नसे, सख्ख्या बहिणींचासुद्धा. हिवरतळचं ताट मात्र एकदम फुगलं आणि एकदम बसलं. सगळ्यांची कड पांढरी, सगळ्यांची मोड एकाच बाजूनं.

यंत्राला हे कळायला हवं होतं. पण कुठली बाई कोण, हे पेशींवरून ओळखायची आणि नमुने एकमेकांशी ताडायची त्याला कायद्यानं बंदी होती. बायकांची लाज राखायची म्हणून. ते फक्त तिथं काम करणाऱ्यांना ओळखे. त्यांच्या हाताचा कण चुकून नमुन्यात पडला तर समजावं म्हणून त्यांची जनुकीय खूण त्याला दिलेली असे. बाकी सगळं जग त्याच्या लेखी परकं.

तपासणी आणि उपचार दोन्ही बघणाऱ्या डॉ. रुबिना तांबोळी आल्या. त्यांनी बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"चाळीसजणी नाहीत या," त्या म्हणाल्या. "एकच आहे. चाळीस वेळा."

चाळिसांतली एकच, म्हणजे हे बहुधा आईचं नाही, असं शिवांजलीच्या मनात आलं आणि तिनं डबा उघडून घास घेतला. दुसरा घास घेताना लक्षात आलं, की मग ते कुणाचं तरी आहे.

*

गावात पोचली तेव्हा आई कमरेला शेकाची वीट बांधून बसली होती. निकाल यंत्रानं परस्पर चाळीस फोनवर धाडला होता, 'प्रतिकूल, तारीख कळवली जाईल', आणि त्या दिवसापासून हिवरतळात चाळीस कमरा धरल्या होत्या. रोजगाराला बाई मिळेना. गिरणीत दळण घेऊन पुरुष येत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

शिवांजलीनं विचारलं, कार्ड तू दिलंच नव्हतंस ना? आईनं सरळ सांगितलं, दिलं की. हौसाआत्यानं दिलं, पण माझ्या नावानं.

हौसाबाई साठीला टेकलेली. नवऱ्यानं नांदवली नाही म्हणून तरुणपणीच भावाकडे परत आली ती आलीच. गावची लेक, म्हणून लहानथोर सगळ्यांची आत्या. हिवरतळात कुणाला उपास झेपत नसला, अंगात ताप असला, दिवस गेलेले असले किंवा नुसताच कंटाळा आलेला असला, तर आत्या तिच्या नावानं धरी. सकाळी तळव्यावरून पाणी सोडताना नाव घ्यायचं, हा उपास सुनंदाचा. पोट आत्याचं, पुण्य सुनंदाला. देवीच्या फेऱ्या, अनवाणी नवस, सगळं याच पद्धतीनं. आठवड्यातला प्रत्येक वार कुणाच्या ना कुणाच्या नावानं लागलेला असे. स्वतःच्या नावानं धरायला आत्याकडे वार शिल्लक नव्हता.

कार्डं आली तेव्हा बायकांनी ती काडी बघितली, पदराआड हसल्या आणि पाकीट घेऊन आत्याकडे गेल्या. आत्यानं काही विचारलं नाही. रोज तीनचार करत तिनं सगळी उरकली. चादरीवर सांडग्यांसारखी कार्डं वाळत होती आणि प्रत्येकावर हात धरून आत्या नाव घेत होती. तिला स्वतःला कार्ड आलंच नव्हतं; सरकारदप्तरी ती अजून सासरच्या गावात नांदत होती.

"आई, आजार आत्याचा आहे. तुझा नाही. तुझं काही तपासलेलंच नाही."

"नावाला पावतं ते, शिवा," आई म्हणाली. "उपास तिचा, पुण्य माजं. मग हे बी माजंच की. कंबर बघ कशी धरलीया."

शिवांजलीनं कंबर दाबून बघितली. काही नव्हतं. पण आईचा चेहरा उतरलेला होता तो खरा होता, आणि ओठ पांढरे पडले होते तेही खरे.

*

आत्याला डॉक्टरांच्या गाडीतून प्रयोगशाळेत आणलं. प्रत्यक्ष बघितल्यावर पटेल, असा डॉक्टरांचा हिशेब. शिकलेल्या माणसांचा असा एक हिशेब असतो.

आत्या ताटावर वाकली. "यातली मी कंची?"

सगळ्याच तुम्ही, असं शिवांजलीनं सांगितलं. आत्यानं मान हलवली आणि एकेका खळग्यावर बोट धरत गेली. ही सुनंदा. ही उज्ज्वला. ही बबी, ही बबीची जाऊ. खळग्यांना नुसते आकडे होते आणि ते तिला वाचता येत नव्हते, पण सुनंदा म्हणून तिनं बोट ठेवलं ते बरोबर सुनंदाच्या खळग्यावर. शिवांजलीनं बाकीचे पडताळून पाहिले नाहीत.

तेवढ्यात पाणी सुटलं. ताट फुगलं. आत्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि ताट बसलं तेव्हा सोडला. पुन्हा एकदा तसंच. डॉ. तांबोळी खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या पार्किंगकडे बघायला लागल्या.

"ह्या इथं मेल्या, तर सुतक कुणी धरायचं?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरांनी नियम आठवून बघितले. त्यात तशी तरतूद नव्हती.

भाजून घ्यायला आत्या तयार होईना. तिचं म्हणणं साधं होतं. जे त्यांच्या नावानं केलं ते त्यांचं. आजवर उपासाचं फळ मी परत मागितलं नाही, मग हे कसं मागू? माझ्या नावानं कार्ड करा. त्यात निघालं तर ते माझं, मग काय ते भाजा. शिवाय, ती म्हणाली, माझ्या नावाचं काय निघतंय ते मला एकदा बघायचंय.

डॉक्टरांचाही नाइलाज होता. भाजायचं यंत्र नावावर प्रतिकूल निकाल असल्याशिवाय तापतच नसे. त्यांनी बोटांवर आठवडे मोजले, ओठ चावला, आणि आत्याच्या नावाचं पाकीट तयार केलं.

आत्यानं ते घरी नेलं. टपालात टाकायला सुनंदा घेऊन गेली.

*

हौसाबाईच्या नावाचा तुकडा जागा झाला. शिवांजलीनं त्याला वेगळ्या ताटात ठेवलं आणि रोज दोन्ही ताटं बघत राहिली. चाळीस खळगे आता राखाडी पडले होते, तरी फुगत होते आणि बसत होते. एकेचाळिसावा तसा नव्हता. त्याची कड गुलाबी, गुळगुळीत. पाणी आलं की तो आधी थांबे, जरा विचार केल्यासारखा, आणि मग सावकाश फुगे. घाईत त्याची वर्षांमागून वर्षं गेली आणि कड गुलाबीच राहिली.

यंत्रानं निकाल दिला, अनुकूल. तो आत्याच्या भावाच्या फोनवर गेलाही. त्याखाली प्रयोगशाळेपुरती एक तांबडी ओळ उमटली. नमुन्यात कर्मचाऱ्याचा अंश: शिवांजली गलांडे. निम्मी जुळणी. हातमोजे तपासा.

शिवांजलीनं हातमोजे तपासले. ते धड होते. मग ती स्टुलावर बसली.

हाताचा कण पडला असता तर जुळणी पूर्ण आली असती. निम्मं माणूस चुकून सांडत नाही. निम्मं एकाच ठिकाणाहून येतं.

त्या खळग्यात आई होती. खरी, पहिल्यांदाच. ठणठणीत, पुढच्या दहा वर्षांसकट. इतके दिवस शिवांजलीला याखेरीज काही नको होतं, आणि आता ते समोर संथपणे फुगत होतं नि तिला बघवत नव्हतं. कारण आत्या सरकारदप्तरी निरोगी झाली होती, आणि बाजारात आकाशकंदील लागले होते.

*

हिवरतळात बायका कामाला लागल्या होत्या. आत्याचं चांगलं निघालं म्हटल्यावर चाळीस कमरा एका दिवसात सुटल्या. आत्या पडवीत पाय पसरून बसली होती, पुढ्यात ताट होतं आणि बायका आग्रह करकरून वाढत होत्या. आत्या जेवताना कशी दिसते, हे पुष्कळजणींनी प्रथमच बघितलं असावं.

शिवांजली चपला न काढता पायरीवर उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, ते कार्ड आत्याचं नाही, आईचं आहे.

वाढणारीचा हात तसाच राहिला.

सुनंदानं नाकारलं नाही. उलट तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. ती सांगत गेली की आत्याचं पाकीट तिनं चुलीत घातलं. मग आत्याच्या नावानं सोमवार धरले, निर्जळी, आणि आत्याच्या नावानं पाणी सोडून स्वतःचं कार्ड दिलं. आत्यानं तिच्या नावानं एवढं केलं, तिनं एकदा केलं तर बिघडलं कुठं? आणि चांगलं निघालं की नाही? मग ते आत्यालाच पावणार.

आत्या तिच्याकडे बघत राहिली. कोंबडी ताटापर्यंत आली, तिला कुणी हाकललं नाही.

"तू माज्या नावानं धरलास?"

"व्हय."

"निर्जळी?"

"व्हय, आत्या."

"माज्या नावानं आजवर कुणी ओंजळभर पाणी सोडलं न्हवतं," आत्या म्हणाली.

तिनं हात धुतला. तोंड पुसलं. मग शिवांजलीला विचारलं, ती डॉक्टरीण कुठल्या वारी असते. बायकांना कळेना, म्हणून तिनं त्यांना समजावून सांगितलं, लहान पोरांना सांगावं तसं.

"एवढं केलंय तिनं. आता मी मेली, तर तिचा उपास वाया जाईल."

*

आता अडचण यंत्राची होती. हौसाबाई या नावाला ते तापणार नव्हतं. ती बरी होती. ते तापणार होतं चाळीस नावांना. डॉ. तांबोळींनी दोन दिवस वर अर्ज-विनंत्या करून बघितल्या. वरून उत्तर आलं की निरोगी बाईवर उपचार करता येत नाहीत, आणि चाळीस रुग्ण खोळंबून का ठेवले आहेत. तेव्हा त्यांनी चाळिसांना एकाच दिवशी बोलावलं. खोलीत जी येईल तिला मी माझ्या डोळ्यांनी तपासणार, नाव काहीही असो, असं त्या शिवांजलीला म्हणाल्या, आणि हे आपण बोललोच नाही, असंही म्हणाल्या.

एसटी भरून बायका आल्या. व्हरांड्यातल्या बाकांवर दाटीवाटीनं बसल्या. मधे आत्या, इरकली नेसलेली, शेजारी सुनंदा. दिवाळीच्या फराळाची तयारी कुणाची कुठवर आली, यावर थोडं बोलणं झालं आणि ते विरून गेलं.

दार उघडून सिस्टरनं पुकारलं, "सुनंदा गलांडे."

सुनंदानं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून ठेवला. आत्या उठली आणि आत गेली.

दार लागलं. शिवांजली भिंतीला टेकून उभी होती. आतून एकदा यंत्र तापल्याचा बारीक आवाज आला, मग डॉक्टरांचा शांत आवाज, मग आत्याचं काहीतरी बोलणं आणि त्यावर डॉक्टरांचं हसणं. ते हसणं ऐकल्यावर शिवांजली तिथंच खाली बसली. सुनंदानं बाक सोडला. तिच्या बोटांवर वळ उठले होते.

आत्या बाहेर आली. जरा चटका बसला म्हणाली, मिरची हाताळल्यागत. तिच्यामागून डॉ. तांबोळी दारात आल्या आणि शिवांजलीकडे बघून त्यांनी मान हलवली. कड मोडलेली नव्हती. वेळेत झालं होतं. सगळं निघालं होतं.

आत्या आपल्या जागी बसली. सुनंदानं तिचा हात हातात घेतला. डॉक्टर हात धुवायला आत वळल्या.

सिस्टरनं पुढचं नाव घेतलं. "उज्ज्वला माने."

कुणी हललं नाही. व्हरांड्यात पंखा फिरत होता. उज्ज्वला माने तिसऱ्या बाकावर, कडेला बसली होती, पन्नाशीची, धडधाकट, आजवर कुणीही न तपासलेली. ती आत्याकडे बघत होती. तिच्या शेजारची बबी आत्याकडे बघत होती, बबीची जाऊ बघत होती. सगळ्याच बघत होत्या, गुपचूप, जराही न लाजता, शेतातून आलेली माणसं चुलीकडे बघतात तशा.

"उज्ज्वला माने कोण आहे?" सिस्टरनं मान वर न करता विचारलं.

आत्यानं सुनंदाच्या हातातून आपला हात सोडवला, गुडघ्यावर टेकवला आणि पदर सावरला.

"मीच," ती म्हणाली.